पूर्वग्रह दाखवणारी हार्वर्डवाली फुकट टेस्ट: घ्या, पण काय मिळतं आणि काय नाही ते आधी वाचा

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. प्रोजेक्ट इम्प्लिसिट या मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेची इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, जिला सगळे आयएटी म्हणतात, ती प्रत्येकाने एकदा तरी घ्यावी. फुकट आहे, दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि आपल्या डोक्यात नकळत काय साठलंय ते ती बोटांतून बाहेर काढून दाखवते. पण जे साठलंय ते काढून टाकायचं काम ती करत नाही, तिने तसा दावाही केलेला नाही, आणि ज्या कंपन्या ही टेस्ट घेऊन वर अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग देऊन "आमच्याकडे आता बायस नाही" म्हणतात त्यांच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. ओळखण्यासाठी पाचपैकी चार, सोडवण्यासाठी पाचपैकी एक.

मी पुण्यात रिक्रूटमेंटमध्ये आहे. दिवसभर रेझ्युमे उघडायचे, चाळायचे, पुढे पाठवायचे नाहीतर बाजूला ठेवायचे हेच काम, आणि त्या चाळण्यात माणसांचं किती काय ठरतं ते रोज बघते म्हणून हा रिव्ह्यू जरा मोठा होणार आहे.

टेस्ट आली कुठून ते थोडक्यात. 1998 मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पहिल्यांदा छापली आणि त्याच वर्षी ग्रीनवाल्ड, महझरिन बानाजी आणि ब्रायन नोसेक यांनी ती वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली केली. यातल्या बानाजी आपल्या सिकंदराबादच्या, पारशी घरातल्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या. त्यांनीच सांगितलेली गोष्ट अशी की दिल्लीहून घरी जाताना गाडी बदलायच्या वेळी स्टेशनवर सामाजिक मानसशास्त्राचे जाडजूड पाच खंड अगदी स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, आणि घरी पोचेपर्यंत आयुष्यात काय करायचं ते ठरलं होतं. पुढे अमेरिकेत पीएचडी, मग येल, मग हार्वर्ड. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं कारण ही टेस्ट दिसली की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया येते "हे अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांचं आहे, आपला काय संबंध". आपला संबंध आहे, आणि चांगलाच आहे.

आता प्रत्यक्ष टेस्ट. मी त्वचेच्या रंगाची घेतली, कारण नोकरीत काय आणि लग्नाच्या स्थळांत काय, आपल्याकडे हा विषय रोजचा. सुरुवातीला काही प्रश्न येतात, वय, शिक्षण, तुम्हाला स्वतःला काय वाटतं वगैरे, ज्याचं उत्तर द्यायचं नसेल ते सोडून देता येतं. मग खरा भाग. डाव्या हाताचं बोट कीबोर्डच्या ई वर, उजव्या हाताचं आय वर. स्क्रीनच्या मधोमध चेहरे येतात, उजळ असला तर एक बटण, सावळा असला तर दुसरं. हे सोपं जातं. मग शब्द येतात, चांगल्या अर्थाचे एका बाजूला, वाईट अर्थाचे दुसऱ्या. हेही सोपं. मग दोन्ही एकत्र करतात: उजळ चेहरा किंवा चांगला शब्द आला की डावीकडे, सावळा चेहरा किंवा वाईट शब्द आला की उजवीकडे. बोटं सटासट चालतात, काही विचारच करावा लागत नाही. आणि मग बाजू उलटतात. आता सावळा चेहरा आणि चांगला शब्द एका बटणावर.

आणि इथे बोट अडखळतं. तोच कीबोर्ड, तेच चेहरे, तेच शब्द, फक्त जोडी बदलली, तरी एखादा सावळा चेहरा समोर येतो आणि बोट चुकीच्या बटणाकडे निघालेलं असतं, लाल फुली दिसते, दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती फुली बघताना मनात जे होतं ते कुठलंही व्याख्यान ऐकून होणार नाही. कारण तिथे कुणी तुम्हाला काही म्हणत नसतं. समोर बॉस नाही, शिक्षक नाही, भाषण देणारा नाही. फक्त आपलं बोट आणि आपण.

मोजतात ते वेळ, मिलिसेकंदात. एका जोडीला सरासरी किती वेळ लागला आणि उलट्या जोडीला किती, हा फरक घेऊन तुमच्या स्वतःच्याच वेळा किती वरखाली होतात त्याने भागतात, त्यामुळे मुळात हात हळू चालणाऱ्या माणसावर फार अन्याय होत नाही. कुणी नुसतंच धडाधड बटणं दाबत सुटला, म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा जास्त उत्तरं 300 मिलिसेकंदांच्या आत दिली, तर त्याचा निकाल धरतच नाहीत. बाकीच्यांना निकाल शब्दात मिळतो: कल नाही किंवा नगण्य, थोडा, मध्यम, तीव्र. माझा मध्यम आला, उजळ रंगाच्या बाजूने.

माझी भाची माझ्याकडे राहते, कॉलेजला आहे, तिलाही बसवलं. घरात सगळ्यात सावळी तीच. लहानपणापासून "रंग जरा दबलेला आहे पण नाकीडोळी नीटस" हे वाक्य तिने लग्नकार्यात किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही, आणि ते वाक्य बोलणाऱ्या बायका प्रेमळच असतात, कौतुकानेच बोलतात. तिचा निकालही उजळ रंगाच्या बाजूने आला. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "मावशी, माझाच रंग असा आणि माझ्याच मनात असं कसं गं?" मी तिला एवढंच सांगितलं की तू हे निवडलेलं नाहीस, तुझ्या कानावर पडत गेलं ते साठत गेलं. अमेरिकेतही कृष्णवर्णीय लोकांपैकी बऱ्याच जणांचा निकाल गोऱ्यांच्या बाजूने येतो. आणि खुद्द बानाजींनी वंशाची टेस्ट स्वतःवर घेतली तेव्हा त्यांचाही कल गोऱ्यांकडेच निघाला, हे त्या भाषणांतून उघड सांगतात. भाचीला हे ऐकून बरं वाटलं का माहीत नाही, पण त्या रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत बोलत बसलो, आजीच्या बोलण्याबद्दल, शाळेच्या गॅदरिंगमध्ये हिला कायम मागच्या रांगेत उभं करायचे त्याबद्दल. ती हे आधी कधीच बोलली नव्हती. माझ्यासाठी टेस्टचे चार स्टार तिथेच वसूल झाले.

आता काय खटकलं ते.

मोठी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला इंग्रजी शब्दाचा अर्थ लागायला अर्धा सेकंद जास्त लागला तर त्या अर्ध्या सेकंदात पूर्वग्रह किती आणि भाषा किती हे कसं वेगळं करणार? दोन्ही फेऱ्यांत तो उशीर सारखाच होतो असं म्हणता येईल, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे, पण शब्दच नीट कळला नाही तर चुका वाढतात. बाई-पुरुष आणि नोकरी-घर ही जी टेस्ट आहे तिच्यात तर बेन, पॉल, ज्युलिया, मिशेल अशी नावं येतात. माझ्या डोक्यातला पूर्वग्रह काय ज्युलियाबद्दल असणार आहे? तो असणार वैशालीबद्दल, जी मुलाखतीत म्हणाली की मुलगा तीन वर्षांचा आहे, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहऱ्यांवरची टेस्ट आपल्याला लागू पडते, नावांवरची तेवढी नाही. कुणी आपल्याकडची नावं, आडनावं घेऊन मराठीत अशी टेस्ट नीट शास्त्रीय पद्धतीने बनवली तर फार मोठं काम होईल.

दुसरी गोष्ट, निकाल स्थिर नसतो. आज मध्यम आला तर पुढच्या महिन्यात थोडा येऊ शकतो. दोन वेळच्या निकालांचा मेळ साधारण 0.5 च्या आसपास बसतो (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही) असं संशोधन सांगतं आणि एका माणसाबद्दल ठाम काही बोलायला हे कमी आहे. एका रीडिंगवर कुठला डॉक्टर बीपीची गोळी सुरू करत नाही, तसंच हे. शिवाय कुठली जोडी आधी आली याचाही निकालावर थोडा परिणाम होतो. 2015 मध्ये खुद्द ग्रीनवाल्ड, बानाजी आणि नोसेक यांनीच लिहिलं की या टेस्टवरून अमुक माणूस भेदभाव करेल असा शिक्का मारणं योग्य नाही. बनवणारेच असं सांगतायत ही मला त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. म्हणून एचआरवाल्या सगळ्या भावाबहिणींना हात जोडून विनंती, उमेदवाराला ही टेस्ट देऊ नका, कर्मचाऱ्याच्या फाइलला तिचा निकाल लावू नका. ती त्यासाठी नाहीच.

आता मूळ प्रश्न, जो मला टेस्ट संपल्यावर झोपू देत नव्हता. कळलं, ठीक आहे. आता हे घालवायचं कसं?

साधा विचार असा येतो की एकदा कळलं की माणूस सावध होतो आणि सुटतं. तसं होत नाही. यावर भरपूर काम झालंय. 2016 मध्ये 18 विद्यापीठांतल्या 6,321 विद्यार्थ्यांवर नऊ वेगवेगळे उपाय करून पाहिले, त्या क्षणी नवांच्या नऊ उपायांनी स्कोअर खाली आला, आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी परत मोजलं तर एकाचाही परिणाम उरलेला नव्हता. मग 2019 मध्ये 492 अभ्यास एकत्र करून, म्हणजे 87 हजारांवर माणसं, पाहिलं तर असं निघालं की स्कोअर थोडाफार हलवता येतो पण स्कोअर हलला म्हणून माणसाचं वागणं बदललं असं काही दिसत नाही. म्हणजे टेस्ट परत परत घेऊन आकडा खाली आणायचा खटाटोप करण्यात काही अर्थ नाही. काही जण तेच करतात, आणि "माझा आता शून्य आला" म्हणून खूश होतात. सरावाने बोटं सरावली एवढंच.

ट्रेनिंगचंही तसंच. 2018 च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या दुकानात काही न घेता मित्राची वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना पोलिसांनी पकडून नेलं, मोठा गदारोळ झाला, आणि 29 मे रोजी कंपनीने अमेरिकेतली 8,000 दुकानं अर्धा दिवस बंद ठेवून पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना याचं ट्रेनिंग दिलं. हेतू चांगलाच होता. पण माझ्या मते त्यांनी केलेलं खरं काम त्याच्या आधीच झालं होतं: काही विकत न घेताही कुणीही आत बसू शकतो असा नियम त्यांनी मे महिन्यातच केला (2025 मध्ये तो मागे घेतला). नियमच बदलला की काउंटरवरच्या पोराच्या मनात काय आहे यावर समोरच्याचं बसणं-उठणं अवलंबून राहत नाही.

माझं जे काही म्हणणं आहे ते हेच. मन साफ व्हायची वाट बघत बसलं तर ज्याला आज नोकरी हवीय, आज भाड्याने घर हवंय, त्याने काय करायचं? पूर्वग्रहाला निर्णयाच्या टेबलावर बसायला जागाच मिळणार नाही अशी व्यवस्था आधी करायची, मन मागून येतं. येतं हेही खरं आहे. याच वेबसाइटवर 2007 ते 2016 या काळात अमेरिकेतून आलेल्या 44 लाख टेस्टचा हिशोब मांडला तेव्हा समलैंगिक लोकांबद्दलचा नकळत कल 33 टक्क्यांनी कमी झालेला दिसला, वंशाचा 17 टक्क्यांनी, त्वचेच्या रंगाचा 15 टक्क्यांनी. वय आणि अपंगत्व यांच्यात जवळपास काहीच फरक नाही, आणि जाड माणसांबद्दलचा तर उलट थोडा वाढला. या एवढ्या लोकांना कुणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. कायदे बदलले, टीव्हीवर दिसणारी माणसं बदलली, शेजारी कोण राहतं ते बदललं, आणि त्याबरोबर मनं हलली असं मला तरी वाटतं. आपल्याकडे 2020 मध्ये फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं, शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. छोट्या गोष्टी आहेत, बायोडेटात "वर्ण: गोरा" अजून येतंच, पण ज्या मुली आज दहा वर्षांच्या आहेत त्यांच्या डोक्यात थोडं कमी भरलं जाईल.

आणि नोकरीबद्दल तर आपल्याच माणसाने पुरावा समोर ठेवलाय. अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, पुढे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) अध्यक्ष झाले, त्यांनी आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. 2007 मध्ये हे छापून आलं. दलित नावाच्या अर्जाला पुढचा कॉल येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या दोन तृतीयांश, मुस्लिम नावाची एक तृतीयांश. माणूस समोर आलेलाच नाही, तो बोलला नाही, हसला नाही, फक्त कागदावरचं नाव. मी रोज तेच कागद बघते. "मूळचे कुठले?" हा प्रश्न आपण किती सहज विचारतो, आणि तो गावासाठी नसतो हे विचारणारा आणि ऐकणारा दोघांनाही माहीत असतं.

म्हणून आमच्या टीममध्ये आम्ही टेस्टपेक्षा कामाच्या पद्धतीवर भर दिला, आणि ज्यांना टेस्ट घेतल्यावर "आता पुढे काय" असं वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पहिल्या चाळणीत रेझ्युमेवरचं नाव, फोटो, पत्ता, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही हे सगळं झाकलेलं असतं, फक्त नंबर दिसतो. एक्सेलमध्ये हे करायला वेळ लागत नाही. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाखत संपली की आधी प्रत्येकाने आपापल्या कागदावर मार्क लिहायचे, मगच तोंड उघडायचं. पूर्वी काय व्हायचं, दार बंद झालं की सगळ्यात सीनियर माणूस खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "हुशार आहे, पण आपल्यात फिट होईल असं वाटत नाही," आणि बाकीच्यांच्या माना हलायच्या. आता तो असं म्हणाला की टीममधली एक ज्युनियर मुलगी शांतपणे विचारते, "कोणत्या प्रश्नाला कमी मार्क दिलेत, सर?" कागद पुढे येतो. कधी कधी खरंच कमी मार्क असतात, मग विषय संपला. कधी कधी मार्क चांगले असतात आणि सर थोडा वेळ कागदाकडे बघत बसतात. त्या सरांचं मन बदललंय का, मला माहीत नाही. पण नोकरी मिळायची थांबत नाही.

घरासाठीही जमतं हे. आमच्या सोसायटीत भाडेकरू कसा हवा हे लेखी ठरवायला लावलं: पोलीस व्हेरिफिकेशन, रजिस्टर्ड करार, डिपॉझिट, बस. आडनाव, एकटी मुलगी, खाणंपिणं हे त्या कागदात नाही. वाद झाले, अजून होतात, काही काका मीटिंगमध्ये बोलत नाहीत माझ्याशी. होऊ दे.

एक गोष्ट मात्र टेस्टच्या बाजूने परत सांगते, नाहीतर वाटेल की मी तिला नावं ठेवतेय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डिव्हाइन यांची टीम पूर्वग्रहाकडे सवय म्हणून बघते, म्हणजे आधी ती सवय आपल्याला आहे हे कळायला हवं, मग ती मोडायची इच्छा हवी, मग काय करायचं ते माहीत हवं, आणि मग ते चिकाटीने करायला हवं. त्यांच्या एका मोठ्या प्रयोगात स्कोअर काही खाली गेला नाही, पण त्यात भाग घेतलेल्यांच्या नजरेला आजूबाजूचा भेदभाव जास्त दिसायला लागला आणि दोन वर्षांनंतरही ते त्याविरुद्ध बोलायला जास्त तयार होते. मला हे फार मोलाचं वाटतं. मीटिंगमध्ये "कोणत्या प्रश्नाला, सर?" विचारणारी मुलगी अशीच तयार होते. आणि "माझ्यात असलं काही नाही" असं ठामपणे म्हणणाऱ्या माणसाला ती पहिली पायरी चढवायला मला या टेस्टइतकं सोपं दुसरं काही सापडलेलं नाही. आमच्या ओळखीतले एक सज्जन गृहस्थ, आयुष्यभर सामाजिक कामात, त्यांनी घेतली आणि नंतर मला म्हणाले, "ताई, मी लोकांना सांगत आलो, स्वतःकडे बघायचं राहिलं." एवढंच बोलले, पण त्यांच्या संस्थेच्या निवड समितीत आता बाहेरचे दोन लोक बसतात.

घ्यायची असेल तर लॅपटॉपवर घ्या, फोनवरही होते पण कीबोर्डवर बोटांचं जे होतं ते जास्त नीट जाणवतं. दमलेले असाल तेव्हा नको, मुलं आजूबाजूला दंगा करत असताना तर नकोच. पहिल्यांदा रंगाची किंवा वयाची घ्या, नावांवरची नंतर. इंग्रजी सवयीचं नसेल तर सुरुवातीला शब्दांची यादी दाखवतात ती सावकाश वाचून घ्या, तिथे घाई नसते. घरात कुणाला बसवणार असाल तर निकाल आल्यावर लगेच समजावत बसू नका, त्यांना आधी बोलू दे. आणि कुणाचाही निकाल फॅमिली ग्रुपवर टाकू नका, विशेषतः त्यांना न विचारता.